दोन पाणलावे आणि जालन्याची छावणी

पाणलावा हा चिखलात चोच खुपसून पोट भरणारा स्थलांतरित पक्षी. जालना जिल्ह्यात तो भाद्रपदापासून चैत्रापर्यंत असतो; तलावाच्या उथळ काठाला, नाल्याच्या पाझरात, कालव्याशेजारच्या चिबड रानात. अंगावरचे तपकिरी, काळे आणि पिवळट पट्टे असे की वाळक्या लव्हाळ्यात बसलेला पाणलावा दोन हातांवरूनही नजरेला पडत नाही. माणसाचा पाय त्याच्यावर पडणार तेवढ्यात तो एकदम उडतो, घोगरा आवाज काढतो आणि पाहता पाहता दिसेनासा होतो. तेवढ्यात तो कोणता पाणलावा होता हे ठरवायचे, हे मोठे अवघड काम. कारण या भागात येणाऱ्या त्याच्या दोन जाती जवळजवळ सारख्याच दिसतात. एक सामान्य पाणलावा, जुन्या शिकाऱ्यांच्या बोलण्यातला ‘फॅनटेल’. दुसरा पिनटेल पाणलावा.

या दोघांतला फरक ओळखण्याचा इतिहास बंदुकीशी आणि लष्करी छावण्यांशी जोडलेला आहे. भारतीय पक्ष्यांची पहिली भरवशाची मोठी सूची ज्यांनी तयार केली त्यांपैकी एक माणूस जालन्याच्या छावणीत नोकरीला होता. त्यामुळे जालन्याच्या पाणलाव्यांची गोष्ट ही एका अंगाने भारतीय पक्षिशास्त्राच्या बालपणाचीही गोष्ट आहे.

आधी पक्षी. दोघांची लांबी पंचवीस ते सत्तावीस सेंटिमीटर, वजन साधारण शंभर-सव्वाशे ग्रॅम. डोक्यावर काळे-पिवळट लांबट पट्टे, पाठीवर फिकट रेघा, पोट पांढरे. डोळे डोक्याच्या बरेच मागे आणि वर बसवलेले, त्यामुळे चोच चिखलात असतानाही मागून येणारा ससाणा दिसतो. चोच सरळ, सहा-सात सेंटिमीटर लांब, आणि तिचे टोक मज्जातंतूंनी भरलेले. चिखलातला किडा दिसत नसला तरी चोचीच्या टोकाला त्याची हालचाल कळते. वरच्या चोचीचे फक्त टोक उघडता येते, म्हणून संपूर्ण चोच बाहेर न काढता आतल्या आत भक्ष्य पकडता येते. चरताना पाणलावा शिलाई मशीनच्या सुईसारखी चोच वरखाली करत पुढे सरकतो.

खरा फरक शेपटीत आहे, आणि तो हातात घेतलेल्या पक्ष्यातच नीट दिसतो. सामान्य पाणलाव्याच्या शेपटीत बहुधा चौदा पिसे असतात. सगळी रुंद, गोलसर टोकांची. शेपटी पसरली की पंखा उघडल्यासारखी दिसते, म्हणून ‘फॅनटेल’. पिनटेलची शेपटी बंद असताना तशीच वाटते. पण बोटांनी ती एका बाजूने हळूहळू उलगडत गेले की चित्र बदलते. मधली दहा पिसे नेहमीसारखी. त्यांच्या पुढे एकेक पीस अरुंद होत जाते, आणि कडेला तर दोन्ही बाजूंना सात-आठ पिसे निव्वळ काड्या: ताठ, आखूड, जेमतेम एक-दोन मिलिमीटर रुंद, टाचणीसारखी. एकूण पिसे साधारण सव्वीस भरतात. ही टाचणीपिसे वरच्या मऊ आच्छादनाखाली दडलेली असतात, त्यामुळे बसलेल्या पक्ष्यात ती सहसा दिसतच नाहीत. पक्ष्याच्या दृष्टीने मात्र ती फार कामाची. विणीच्या हंगामात, सायबेरियात, नर आकाशातून वेगाने खाली झेपावतो तेव्हा पसरलेल्या शेपटीतल्या या काड्यांतून वारा वाहून मोठा आवाज निघतो. सामान्य पाणलावाही असाच शेपटीने आवाज काढतो, पण तो कडेच्या दोन रुंद पिसांच्या थरथरीतून येणारा घुमणारा आवाज असतो. दोन जातींनी एकाच कामासाठी दोन वेगळी वाद्ये घडवली आहेत, आणि जालन्यात ही वाद्ये मुकी असतात.

बाकीचे फरक बारीक आहेत, एकेकटे घेतले तर फसवणारे. सामान्य पाणलाव्याच्या पंखाच्या मागच्या कडेला ठळक पांढरी पट्टी असते. उडताना ती चमकते. पिनटेलच्या पंखाला अशी स्पष्ट पट्टी नसते. सामान्याच्या पंखाखाली पांढरे पट्टे दिसतात, पिनटेलचा पंख खालून दाट करड्या पट्ट्यांचा असतो. पिनटेलची चोच सरासरीने थोडी आखूड, पण दोघांची मापे एकमेकांत मिसळतात, त्यामुळे चोचीवरून निवाडा देणे धोक्याचे. उडताना पिनटेलचे पाय शेपटीच्या बाहेर जरा जास्त दिसतात. आवाजात सामान्य पाणलावा कर्कश आणि लांबट, पिनटेल आखूड आणि दबका. सामान्य पाणलावा उठला की नागमोडी वळणे घेत उंच जातो आणि दूर निघून जातो. पिनटेल जरा जड, जास्त सरळ उडतो आणि बऱ्याचदा थोड्याच अंतरावर पुन्हा उतरतो.

आणि जालन्याच्या दृष्टीने सगळ्यांत महत्त्वाचा फरक राहणीचा. सामान्य पाणलाव्याला ओलावा लागतो. पाणी आणि चिखल यांच्या मधली पट्टी, जिथे चोच मुळापर्यंत आत जाते, ती त्याची जागा; गांडूळ हे त्याचे आवडते खाद्य. पिनटेलचे तेवढे अडत नाही. तो चिखलात चरतोच, पण ओलसर गवताळ रान, कापणी झालेले शेत, तलाव आटत गेल्यावर उघडी पडलेली गाळपेर जमीन इथेही त्याचे भागते. त्याच्या खाण्यात किडे, अळ्या, गोगलगायी यांचा वाटा मोठा. विणीची ठिकाणेही वेगळी. सामान्य पाणलावा युरोपपासून आशियाच्या पूर्व टोकापर्यंतच्या उत्तरेकडच्या दलदलीत वाढतो, शिवाय काश्मीर-लडाखसारख्या हिमालयी भागातही. पिनटेलची वीण उरल पर्वतापासून पूर्वेला ओखोत्स्क समुद्रापर्यंतच्या रशियात. भारतात मात्र आधी पोचतो तो पिनटेल. ऑगस्टच्या अखेरीस, सप्टेंबरात त्याचे थवे दक्षिणेकडे उतरू लागतात. सामान्य पाणलाव्याची मोठी आवक ऑक्टोबरात होते. उत्तर भारतात सामान्य पाणलाव्याचे वर्चस्व, दक्षिणेत पिनटेलचे. मराठवाडा या दोन्हींच्या सीमेवरचा मुलूख.

जालना जिल्हा कोरडवाहू. पाऊस वर्षाला साधारण सहाशे पन्नास ते साडेसातशे मिलिमीटर, तोही लहरी. काळी जमीन पावसात चिकट होते आणि दिवाळीनंतर भेगाळू लागते. गोदावरी दक्षिण सीमेवरून वाहते, दुधना जिल्ह्याच्या मधून, पूर्णा आणि तिच्या उपनद्या उत्तरेकडून. जालना शहर दुधनेला मिळणाऱ्या कुंडलिकेच्या काठी. कोकणासारखी भाताची खाचरे इथे नाहीत, नैसर्गिक दलदली नाहीत. म्हणून इथला पाणलावा बहुतांशी माणसाने अडवलेल्या पाण्यावर जगत आला. मोती तलाव हे त्याचे जुने उदाहरण. मलिक अंबरच्या काळात जमशेदखानाने हा तलाव बांधला आणि जमिनीखालून नळ टाकून त्याचे पाणी शहरातल्या हौदांपर्यंत आणले. शहराला पाणी देणाऱ्या अशा तलावाचा उथळ काठ, सांडव्याखालची सतत ओली राहणारी पट्टी, लव्हाळे आणि पाणकणसाचे बेट, एवढे मिळाले की पाणलाव्याचा हिवाळा निघतो. बांधणाऱ्याच्या मनात पक्षी नव्हता. तरीही दख्खनमधल्या पाणपक्ष्यांचा इतिहास तलाव बांधणाऱ्यांच्या इतिहासापासून वेगळा काढता येत नाही.

इंग्रजांचा या भागाशी संबंध आला तो १८०३ मध्ये. त्या वर्षी सप्टेंबरच्या सुरुवातीला कर्नल स्टीव्हन्सनने जालन्याचा किल्ला घेतला आणि २३ सप्टेंबरला, आज जालना जिल्ह्यात असलेल्या असईला, आर्थर वेलस्लीने शिंदे-भोसल्यांच्या फौजेचा पराभव केला. त्यानंतर निजामाच्या मुलखातल्या तैनाती फौजेचे जालना हे एक मोठे ठाणे झाले. १८२० च्या दशकात छावणीला कायमचे रूप आले. आधी मद्रासच्या पलटणी, नंतर हैदराबाद कंटिन्जंट, असे करत १९०३ मध्ये कंटिन्जंटची पुनर्रचना होईपर्यंत ही छावणी टिकली. इंग्रजी कागदांत गावाचे नाव ‘जॉल्ना’ असे पडते, आणि त्या काळच्या निसर्गविषयक लिखाणात ते पुन्हा पुन्हा भेटते.

अशा छावण्यांतल्या अधिकाऱ्यांना पावसाळा संपल्यावर मोकळा वेळ भरपूर असे. वाघ-बिबट्याच्या शिकारीला रजा, हत्ती, लांबचा प्रवास लागे. पाणलाव्याला त्यातले काहीच लागत नसे. पहाटे घोड्यावरून तलाव गाठायचा, बूट चिखलात बुडवायचे आणि न्याहारीला परत यायचे. उडता पाणलावा टिपणे कठीण, म्हणून त्यात इभ्रतही होती. शिकारीची पद्धत ठरलेली. हाकारे काठाने ओळीत चालत, मध्ये बंदूकवाला, आणि पडलेला पक्षी लव्हाळ्यातून शोधून आणणारा एक तरबेज माणूस. हे काम फार कसबाचे होते. मेलेला पाणलावाही गवतात जिवंताइतकाच लपलेला असतो. कुठल्या तलावाचे पाणी किती उतरले, कुठल्या नाल्यात कालपासून पक्षी उतरू लागले, ही खबर गावकऱ्यांकडून आणि शिकारीवर पोट असलेल्या लोकांकडूनच यायची. साहेबांच्या डायऱ्यांत त्यांची नावे फार क्वचित येतात, आणि याची खंत वाटल्याशिवाय राहत नाही, कारण पक्ष्याच्या जागा आणि वेळा ओळखण्याचे ज्ञान मुळात त्यांचे होते. मराठवाड्यातल्या फासेपारध्यांना तितर आणि लाव्याचे आवाज, वाटा, बसायच्या जागा यांची जी माहिती होती तिच्या तोडीची माहिती त्या काळच्या कोणत्याही पुस्तकात नव्हती.

मारलेले पाणलावे जोडीने मोजले जात. ‘साडेसहा जोड्या’ म्हणजे तेरा पक्षी. मेसमध्ये पाणलावा साफ न करता, आतड्यासकट भाजण्याची पद्धत होती. त्याची लांब चोच त्याच्याच मांडीतून आरपार घालून तिचा सळईसारखा उपयोग करत, आणि खाली टोस्ट ठेवून त्यावर गळणारा रस टिपून घेत. शिकारीच्या वहीत मात्र एकच आकडा पडायचा: पाणलावे, इतक्या जोड्या. फॅनटेल किती, पिनटेल किती, हे बहुतेक वह्यांत नसायचे. मांसाच्या दृष्टीने दोघेही सारखेच, त्यामुळे वेगळे मोजायची गरज कोणाला वाटावी? इतक्या वर्षांत इतके पक्षी हातात आले, आणि त्यांची शेपटी उलगडून पाहण्याचे कष्ट फार थोड्यांनी घेतले.

तसे कष्ट घेणाऱ्यांपैकी एक, थॉमस कॅव्हरहिल जर्डन. जन्म १८११ चा, पेशाने डॉक्टर; १८३६ मध्ये तो मद्रासला उतरला. पुढच्या वर्षी त्याची नेमणूक मद्रासच्या दुसऱ्या लाइट कॅव्हलरीत झाली आणि त्या रिसाल्याबरोबर तो जालन्याला आला. दख्खनमध्ये त्याची चारेक वर्षे गेली. रिसाल्यातल्या सर्जनचे काम आजाऱ्यांच्या हजेरीपुरते. उरलेला वेळ त्याने पक्ष्यांना दिला. त्याच्याआधी याच पठारावर कर्नल विल्यम हेन्री साइक्सने मुंबई सरकारसाठी सांख्यिकी पाहणी करताना पक्षी गोळा केले होते आणि १८३२ मध्ये दख्खनच्या पक्ष्यांची यादी लंडनमध्ये प्रसिद्ध केली होती. जर्डनची ‘दक्षिण भारताच्या पक्ष्यांची सूची’ १८३९-४० मध्ये मद्रासच्या साहित्य आणि विज्ञान विषयक नियतकालिकातून क्रमाक्रमाने आली. तिच्यात चारशे वीस जाती होत्या, साइक्सच्या जवळजवळ दुप्पट. आणि कुठला पक्षी कुठे दिसला हे सांगताना ‘जॉल्ना’ हे नाव त्यात वारंवार येते.

या सूचीमागे एक मोठी निराशा आहे. जर्डनने आपला पहिला संग्रह ओळख पटवून घेण्यासाठी स्कॉटलंडला सर विल्यम जार्डीन यांच्याकडे पाठवला. तिथे पोचेपर्यंत कसरीने कातडी खाऊन टाकली होती. त्यानंतर जर्डनने ठरवले की दुसऱ्याच्या निर्णयाची वाट पाहायची नाही, पक्षी स्वतःच ओळखायचे. हाताशी मोठे संग्रहालय नाही, पुस्तके मोजकी, आणि पाणलाव्यासारखे एकमेकांत मिसळणारे पक्षी समोर. अशा माणसाला पिसे मोजण्यावाचून गत्यंतर नव्हते. पक्षिशास्त्रातली काटेकोर नजर अशा अडचणीतून तयार झाली.

शास्त्राच्या पुस्तकात दोन्ही पाणलाव्यांना वेगळी नावे तोपर्यंत मिळाली होती. सामान्य पाणलावा लिनियसने १७५८ मध्येच नोंदवला. पिनटेलचे वर्णन १८३० च्या सुमारास नेपोलियनचा पुतण्या, प्राणिशास्त्रज्ञ चार्ल्स लुसियन बोनापार्ट याने केले, तेही जावा-सुमात्राकडून आलेल्या नमुन्यांवरून. नेपाळमध्ये ब्रायन हॉजसन हिमालयातल्या पाणलाव्यांचा अभ्यास करत होता. डोंगरी जंगलात राहणाऱ्या रानपाणलाव्याचे वर्णन त्याने १८३६ मध्ये केले. कलकत्त्यात एशियाटिक सोसायटीच्या संग्रहालयाचा क्युरेटर एडवर्ड ब्लाइथ, १८४१ पासून, बाजारात विकायला येणाऱ्या पक्ष्यांमधूनही नमुने उचलत असे. पण कागदावर दोन नावे असणे वेगळे आणि तलावाच्या काठी उभ्या असलेल्या माणसाला ती लावता येणे वेगळे. ही दरी भरून काढण्याचे काम जर्डनच्या ‘भारताचे पक्षी’ या १८६२ ते १८६४ दरम्यान निघालेल्या ग्रंथाने केले. देशातल्या पक्ष्यांचे पहिले सर्वसमावेशक हातपुस्तक ते. त्यात दोन्ही पाणलावे स्वतंत्र नोंदींनी आले, आणि छावणीतल्या कुठल्याही अधिकाऱ्याला शेपटी उघडून आपल्या हातातला पक्षी कोणता ते ठरवता येऊ लागले. जर्डन १८७२ मध्ये इंग्लंडमध्ये वारला.

पुढचा टप्पा ॲलन ऑक्टेव्हियन ह्यूमचा, जो आज बहुतेकांना काँग्रेसचा संस्थापक म्हणून माहीत आहे. ‘स्ट्रे फेदर्स’ हे त्याचे नियतकालिक १८७२ मध्ये सुरू झाले. देशभरातले जिल्हाधिकारी, रेल्वेचे इंजिनिअर, लष्करी अधिकारी त्यात लिहीत; १८७८ मध्ये डेव्हिडसन आणि वेंडन यांचा दख्खनच्या पक्ष्यांवरचा लेख याच नियतकालिकात आला. मार्शलबरोबर लिहिलेल्या ह्यूमच्या शिकारपक्ष्यांवरच्या तीन खंडांच्या ग्रंथात (१८७९ ते १८८१) पाणलाव्यांना भरपूर जागा मिळाली. शिकारीच्या वह्यांत जे आकडे नुसते जोड्यांचे होते ते आता वजन, चोचीचे माप, शेपटीतल्या पिसांची संख्या असे होऊ लागले. कोणती जात आधी येते, कोणती उशिरा, कोणती कुठल्या भागात जास्त, याचे चित्र या पत्रव्यवहारातून तयार झाले. ह्यूमने १८८५ मध्ये आपला प्रचंड संग्रह ब्रिटिश म्युझियमला दिला. स्टुअर्ट बेकरने १९२१ मध्ये शिकारपक्ष्यांच्या दुसऱ्या खंडात पाणलाव्यांची माहिती पुन्हा नव्याने मांडली, आणि पुढे बराच काळ शिकाऱ्यांचा आधार तेच पुस्तक राहिले.

ही सगळी विद्या मेलेल्या पक्ष्यावर उभी होती हे विसरता येत नाही. एका पाणलाव्याची जात ठरवायला तो पाणलावा मारावा लागे. १९३१-३२ मध्ये सलीम अलींनी निजामाच्या हैदराबाद संस्थानाची पक्षिपाहणी केली, त्या वेळी जालना संस्थानाच्याच औरंगाबाद जिल्ह्यातला एक तालुका होता. बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकात १९३३-३४ मध्ये प्रसिद्ध झालेली ही पाहणीही कातडी जमवूनच केलेली होती. पण तिचा रोख वेगळा होता. पक्षी कुठे राहतो, काय खातो, केव्हा येतो, हे प्रश्न सलीम अलींना नावाइतकेच महत्त्वाचे वाटत. पुढे १९४१ मधल्या त्यांच्या पुस्तकाने दुर्बीण हातात घेतलेल्या सामान्य वाचकाला पाणलाव्यापर्यंत नेले.

शेपटीचा नियमही वाटतो तितका सरळ राहिला नाही. रॉबर्ट स्विन्होने १८६१ मध्ये पूर्व आशियातून आणखी एका पाणलाव्याचे वर्णन केले. त्याच्या शेपटीत साधारण वीस पिसे, कडेची अरुंद, पण पिनटेलइतकी काडीसारखी नव्हेत. हाही भारतात हिवाळ्यात येतो, आणि उडत्या पक्ष्यात तो पिनटेलपासून वेगळा काढणे जवळजवळ अशक्य. त्यामुळे आज जाणकार निरीक्षक शेपटी दिसली नसेल तर ‘पिनटेल किंवा स्विन्हो’ एवढेच लिहितो. हा प्रामाणिकपणा जुन्या वह्यांत असता तर त्यांचे मोल कितीतरी वाढले असते. शिवाय काठावर दोन वेगळे पक्षीही असतात: छोट्या चणीचा जॅक पाणलावा, आणि इथेच वीण करणारा रंगीत पाणलावा, ज्यात मादी नरापेक्षा देखणी आणि अंडी उबवण्याचे काम नराकडे. रंगीत पाणलाव्याचे खऱ्या पाणलाव्यांशी नाते नावापुरतेच.

छावणी गेली तरी पाणी वाढत गेले. १९०० च्या सुमारास मनमाडहून रेल्वे आली, जालना व्यापारी पेठ झाले. शहराची तहान भागवण्यासाठी निजामकाळातच कुंडलिकेवर घाणेवाडी तलाव बांधला गेला, आणि जुन्या मोती तलावाला एक मोठा जोडीदार मिळाला. १९७२ च्या दुष्काळात रोजगार हमीवर ठिकठिकाणी पाझर तलाव खोदले गेले. पैठणचे जायकवाडी धरण १९७६ मध्ये पूर्ण झाले. त्याचा दोनशे आठ किलोमीटरचा डावा कालवा अंबड, घनसावंगी, परतूर या तालुक्यांतून पुढे परभणीकडे जातो. १ मे १९८१ रोजी जालना स्वतंत्र जिल्हा झाला तेव्हा हा कालवा त्याच्या दक्षिण भागाचे रूप बदलत होता. पुढे निम्न दुधना धरणाचे पाणी सेलूकडून परतूरच्या बाजूला पसरले.

कालव्याचे पाणी शेतकऱ्याला ऊस देते आणि उताराच्या खालच्या अंगाला जमीन चिबडवते. शेतकऱ्यासाठी हे नुकसानच: पीक पिवळे पडते, नांगर रुततो, वर क्षार फुटतात. पण हिवाळ्यात सामान्य पाणलाव्याला हवी असते ती नेमकी अशी जमीन, आणि कोरडवाहू जालन्यात पूर्वी ती फारशी नव्हती. पिनटेलला फायदा झाला तो पाझर तलावांचा. जानेवारीपासून पाणी मागे सरकत जाते, गाळपेर उघडी पडते, तिच्यावर हरळी आणि छोटे लव्हाळे उगवतात. ओल आत, वर भेगा. चोच मुळापर्यंत जाणार नाही, पण पिनटेलला तेवढी खोली लागतच नाही. एकाच तलावाच्या काठाला या दोन पक्ष्यांच्या जागा दोनशे पावलांच्या अंतराने बदलतात, आणि पाणी जसे उतरते तसतशी त्यांची सीमा महिन्यागणिक सरकत जाते.

अलीकडची वर्षे त्यांना सोपी नाहीत. २०१२-१३ च्या दुष्काळात जालना राज्यातल्या सर्वांत होरपळलेल्या जिल्ह्यांपैकी एक होता. त्यानंतर घाणेवाडीचा आणि इतर तलावांचा गाळ काढण्याच्या कामाला जोर आला. नागरिकांनी एकत्र येऊन केलेले ते काम मोलाचे आहे आणि शहराला त्याची गरजच होती. मात्र यंत्राने गाळ उपसताना काठ उभा कापला गेला तर पाणी आणि कोरडी जमीन यांच्या मधली चिखलाची पट्टी नाहीशी होते. उताराची एखादी बाजू तशीच ठेवली तर साठवण फारशी घटत नाही आणि पाणलाव्याची पट्टी वाचते. शेततळ्यांचे तसे नाही. जालन्याजवळच्या कडवंचीसारख्या गावांनी पाणलोट विकास आणि शेततळ्यांच्या जोरावर द्राक्षबागा उभ्या केल्या, दुष्काळातही त्या टिकवल्या. पण या तळ्यांच्या तळाला आणि काठाला प्लास्टिकचे अस्तर असते. पाणी भरपूर, चिखल शून्य. तिथे बगळा एखादा उभा राहील, पाणलाव्याला तिथे काहीच मिळत नाही.

शिकारीची प्रथा कायद्याने संपली. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात परवाना घेऊन ठराविक प्राण्या-पक्ष्यांच्या शिकारीची वाट ठेवली होती. १९९१ च्या दुरुस्तीने ती बंद झाली. त्याबरोबर शेपटी उलगडून जात ठरवण्याचा जुना मार्गही बंद झाला, आणि काही काळ पाणलाव्यांची ओळख पुन्हा धूसर झाली. दुर्बिणीतून पाहणारे बरेचसे लोक दिसेल त्या पाणलाव्याला ‘सामान्य’ म्हणून मोकळे होत. डिजिटल कॅमेऱ्याने हे बदलले. पाणलावा पिसे साफ करून झाल्यावर एक पंख आणि शेपटी एका बाजूला ताणतो. तो आळस एक-दोन सेकंदांचा, पण सेकंदाला दहा-वीस छायाचित्रे घेणाऱ्या कॅमेऱ्यात शेपटीची कड स्पष्ट येते आणि टाचणीपिसे मोजता येतात. उडतानाचे छायाचित्र मिळाले तर पंखाची मागची कड आणि खालची बाजू पाहता येते. उठतानाचा आवाज मोबाइलवर नोंदला तर तोही पुरावा. ई-बर्डसारख्या ऑनलाइन नोंदवहीत ही सामग्री तारीख आणि ठिकाणासह जमा होते, आणि दुसऱ्या टोकाचा जाणकार ती तपासू शकतो.

जालन्यासाठी सर्वांत उपयोगी नोंदी दोन काळांतल्या. एक, सप्टेंबरचा पहिला पंधरवडा, जेव्हा पावसाळा सरलेला नसतो आणि पक्षी पाहणारे अजून घराबाहेर पडलेले नसतात. त्या वेळी ओल्या गवतात उठणारा पाणलावा बहुधा पिनटेल असतो. दुसरा, फेब्रुवारी ते मार्च, जेव्हा तलाव आटत जातात, सामान्य पाणलावा उरलेल्या चिखलाकडे गोळा होतो आणि पिनटेल गाळपेरीवर पसरतो. या दोन्ही वेळी काठाने हळू चालत, पाण्यापासून किती अंतरावर पक्षी उठला, नागमोडी गेला की सरळ, पंखाची कड पांढरी होती का, एवढे टिपले तरी छावणीच्या वहीतल्या जोड्यांच्या आकड्यांपेक्षा ती नोंद अधिक सांगते. आणि शेपटी किंवा पंख दिसला नसेल तर नुसते ‘पाणलावा’ लिहिणे बरोबर असते.